नागपंचमीला घासलेला तवा

मित्रांनो, मला काळा म्हणा, जड म्हणा, वाटल्यास म्हातारा म्हणा. पण कासारसाई धरणाच्या काठी गंगूबाईच्या खानावळीत तुम्ही कधी बांगडा खाल्ला असेल, तर तो माझ्या अंगावरून उतरलेला होता, एवढं ध्यानात असू द्या. मी तिथला बिडाचा जुना तवा.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं आणि मी झालो. रूप म्हणाल तर नव्हतंच. राखाडी, खरबरीत, एक कान जरा जास्तच जाड. पौडच्या बाजारात माझ्या शेजारी ॲल्युमिनियमचे चकचकीत तवे मांडले होते. बायका जाता जाता त्यांत तोंड बघून घ्यायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. गंगूबाईने मात्र मला उचललं, बोटाने टणटण वाजवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्यो जड हाय. ह्योच दे." माझं झालेलं ते पहिलं कौतुक. अजून पुरतंय.

तेव्हा खानावळ कसली? तीन दगडांची चूल आणि वर ताडपत्री. तिचा नवरा कान्हू धरणातली चिलापी मासळी धरून आणायचा, ती मीठ-मसाला लावून माझ्यावर टाकायची आणि धरण बघायला आलेली माणसं वासाने ओढली जायची. तेल पीत पीत मी मुरत गेलो. अंगावर काळा, गुळगुळीत थर बसला. मासा माझ्यावर चरचरायचा, पण चिकटायचा नाही. हे तेज दुकानात मिळत नाही, मित्रांनो. ते रोजच्या कामाने चढतं.

पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या, मारुंजीत इमारती उभ्या राहिल्या, आणि आमच्या ताडपत्रीचा पत्रा झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. गंगूबाईचा मुलगा सुनील पहाटेच टेम्पो घेऊन पुण्याच्या बाजारातून बर्फातले बांगडे आणि सुरमई आणू लागला. फलकावर 'सी फूड' लिहिताना रंगाऱ्याने हौसेने एक दीपगृहही काढलं. एका साहेबांनी मग विचारलंच, "मावशी, समुद्र कुठल्या बाजूला?"

"समुद्र घाटाखाली ऱ्हायला," गंगूबाई म्हणाली. "हितं धरान हाय. त्येच्यावर भागवा."

रविवारी एवढी गर्दी, की लोक मोटारीत बसून नंबराची वाट बघायचे. कुणी म्हणायचं मसाला भारी, कुणी म्हणायचं मासा ताजा. माझं नाव कुणी घ्यायचं नाही. मी मनात हसायचो. ज्याच्या अंगावर सगळं उभं, त्याने कशाला बोलायचं?

मग गंगूबाईचा खांदा धरला. हात वर जाईना. सुनील म्हणू लागला, स्टीलची मोठी प्लेट बसवू आणि बाहेरचा आचारी ठेवू. तिची सून दीपाली भुकूमची. मासे साफ करणं, ताटं लावणं, सगळं तिच्याकडे होतं. तिला मात्र माझ्यापुढे उभं राहायचं होतं.

"आत्या, आता उलथनं द्या की मला."

"मासं कापतीस त्ये बास हाय," गंगूबाई म्हणायची.

मला वर्षातून एकच हक्काची सुट्टी, ती नागपंचमीची. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही. त्या दिवशी खानावळ बंद आणि गंगूबाई डोंगरातल्या माहेरी. यंदा दीपालीला वाटलं, आत्या येईपर्यंत चूल-भांडी लख्ख करून ठेवू, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. तिने मला खाली घेतलं, साबणाचं पाणी ओतलं आणि तारेच्या घासणीने दुपारभर घासलं. पदर खोचून, मनापासून. माझा जन्माचा काळा थर पाण्याबरोबर मोरीत गेला. मी पुन्हा बाजारातला राखाडी तवा झालो. सुनील आला आणि म्हणाला, "अरे वा, नवा आणला का?" दीपाली लाजून हसली.

दुसऱ्या दिवशी गंगूबाई आली. दारातच थांबली.

"ह्यो कुनाचा तवा?"

"आपलाच, आत्या. घासला मी."

गंगूबाईने माझ्यावरून तळवा फिरवला. "भांडं न्हाई घासलंस, बाय," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर्सांचा माझा हात घासून काढलास."

काय गेलं, ते दीपालीला आता कळलं. उकळतं तेल हातावर सांडलं असतं, तरी तिला एवढं लागलं नसतं. सुनीलला मात्र संधी मिळाली. "मी म्हनलंच होतं. द्या भंगारात, आचारी आनतो."

गंगूबाईने मला चुलीवर सरकवलं. मग सुनेला म्हणाली, "गनपती उठले की लोकं पुन्यांदा माशाला येतील. पयल्या ऐतवारी तू उभी ऱ्हा चुलीपाशी. बांगडा अख्खा उतरला तर उलथनं तुझं. चिकाटला तर तवा भंगारात, आन् सुनील आचारी आनंल. मी मधी बोलनार न्हाई."

म्हणजे बघा, तिचं आणि माझं नशीब एकाच जाळावर आलं.

श्रावणात आमच्याकडे मासे नसतात. पिठलं-भाकरी आणि थालीपीठ असतं. दीपाली रोज सकाळी मला धूर निघेस्तोवर तापवायची, अर्धा कांदा तेलात बुडवून अंगभर चोळायची, निवू द्यायची आणि पुन्हा चोळायची. साबणाला मात्र तिने हात लावला नाही. पहिली थालीपिठं निम्मी माझ्याजवळच राहिली. मारुंजीत राहणारी मेधा कंपनीतून सुटली की जेवायला यायची, मूळची लातूरची. दीपालीने संकोचत तिच्यापुढे ताट ठेवलं.

"ताई, जरा फाटलंय."

"असू दे गं," मेधा म्हणाली. "मी पैसे मोजून फाटकी जीन्स घेते, तुझं थालीपीठ तर गरमही आहे."

हळूहळू माझ्यावर पुन्हा सावली आली. आधी मध्यभागी तपकिरी, मग कडेला. जुना मी नव्हतो. पण मी होतो.

गणपती उठले. रविवार आला. खुर्च्या भरल्या. दीपालीने मीठ-मसाला लावलेला बांगडा माझ्यावर ठेवला. पुढच्या टेबलावर दादासाहेब बसले होते, गावातले जुने गिऱ्हाईक, जिभेला धार.

"काय गं पोरी, बांगडा घाट चढून येतोय का अजून?"

सुनील आत आला. "उलट की लवकर. लोकं ताटकळल्यात."

दीपालीने उलथनं माशाच्या कडेला लावलं. मासा हलला नाही. ती जोर करती तर कातडी माझ्याजवळ राहिली असती आणि आम्ही दोघं त्याच दिवशी बाद. गंगूबाई मागे उभी होती, ओठ घट्ट मिटून. दीपालीने उलथनं मागे घेतलं.

"अजून धरून बसलाय त्यो," ती सुनीलला म्हणाली. "त्याला सोडू दे. लोकांस्नी सांग, थांबा म्हनावं."

ती थांबली. बाहेरून हाका येत होत्या, तेल चरचरत होतं. मी होता नव्हता तेवढा ताव एकसारखा धरून ठेवला. आणि मग बांगड्याने स्वतःच कड सोडली. तिने उलथनं घातलं, फिरवलं. अख्खा. लालसर, खरपूस, शेपटीसकट. खाली माझ्यावर कातडीचा तुकडासुद्धा नाही.

गंगूबाईने वाकून मला पाहिलं. पदराला हात पुसले, बाहेर गेली, दादासाहेबांच्या शेजारचं टेबल बघितलं, खुर्ची ओढली आणि बसली. एवढी माणसं तिने जेवू घातली, पण स्वतःच्या खानावळीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. दीपाली घाबरून बाहेर धावली.

"आत्या, बरं न्हाई का वाटत?"

"बरं हाय. भूक लागलीया." गंगूबाईने ताटासाठी टेबल पुसून घेतलं. "मला बी बांगडा आन. आन् घाई न्हाई."

त्या दिवशी मी तापलो तो नुसत्या जाळाने नाही, मित्रांनो. अभिमानाने तापलो. आता माझ्यासमोर दीपाली उभी असते. काम झालं की ती मला कपड्याने पुसते, तेलाचं बोट फिरवते आणि खुंटीला लावते. माझा रंग दिवसेंदिवस गडद होतो आहे, आणि उलथनं आता तिचं आहे.

एक मागणं तेवढं ऐका. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या काळेपणाला मळ समजू नका. आणि रविवारी मासे खायला बाहेर पडाल, ताट यायला उशीर होईल, तेव्हा आत हाक मारण्याआधी जरा दम धरा. आत कुणीतरी हात आवरून उभी असते. थांबा. मासा अख्खा येईल.