गबरूचं मुसकं

मी गबरूचं मुसकं बोलतोय. दुसऱ्यांची तोंडं बंद करणं हा माझा धंदा, पण आता मलाच गप्प राहवत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणाला माफ करायला तोंड उघडलेलं नाही. मला सूड हवाय.

सिल्लोडच्या सरदारचाचांनी मला म्हशीच्या चामड्याचं शिवलं. रुंद पट्टा, चार भोकं, पितळी बक्कल. गबरूचे मालक विश्वजीतराव मला घ्यायला आले तेव्हा चाचांनी बजावलं होतं, "साब, सुई लगाने के टैम पांच मिनट. जादा नको बांधो. कुत्ता मुंह खोलके हांफता, तभी ठंडा होता."

विश्वजीतराव "हो, हो" म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी!

दोन वर्षं मी इमानानं काम केलं. लस टोचताना गबरूच्या तोंडावर बसायचं, की परत खुंटीवर. गबरू म्हणजे पांढऱ्या, दाट केसांचा कुत्रा, विश्वजीतरावांच्या लेकीचा, विशाखाचा जीव की प्राण. खुंटीखाली येऊन तो मला हुंगायचा. माझा त्याला राग नव्हता. मला तर त्याचा लळाच लागला होता.

मे महिन्यात विशाखाचा साखरपुडा निघाला. पाहुणे कन्नडचे, तोलामोलाचे. कुत्रं भुंकेल, पाहुण्यांच्या कपड्यांना केस लागतील, म्हणून विश्वजीतरावांनी सकाळी दहालाच त्याला गच्चीवर नेऊन पत्र्याखाली बांधलं आणि मला चढवलं. तिसऱ्या भोकात. गबरू आतल्या आत भुंकला, तशी चौथ्या भोकात. "बस गुमान," म्हणाले आणि खाली जाऊन फेटा बांधून घेतला.

बारापर्यंत पत्र्यानं आग ओकायला सुरुवात केली. समोर पाण्याचं भांडं होतं, पण तोंड उघडेल तर ना! कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकायच्या, जीभ बाहेर सोडायची, तेव्हा कुठं त्याचं अंग निवतं. ती जीभ मी दाबून धरली होती. मी! त्याची लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या. त्यानं पंजांनी मला ओरबाडलं. तुटावं म्हणून मी तडफडत होतो, पण चाचांची शिवण पक्की. त्या दिवशी मला माझ्या पक्केपणाची किळस आली.

अडीच वाजता स्वयंपाकाला आलेल्या दगडाबाई गच्चीवरच्या कुरडया उलटायला वर आल्या. गबरू आडवा पडून थरथरत होता.

"आगं माय माय! मुक्या जिवाचं तोंड बांधून उन्हात टाकलं व्हय रं मुडद्यांनो!"

त्यांनी बक्कल सोडलं, मला कमरेला खोचलं आणि गबरूला पोटाशी धरून जिना उतरल्या. मोरीत ठेवून ड्रममधलं पाणी ओतणार, तोच विश्वजीतराव धावत आले.

"बाई, ते पाहुण्यांचं पाणी आहे! नळ आठ दिवसांनी येतो."

"पाहुणे घडीभर तहानले तर मरत नाय, सायब. ह्ये लेकरू मरतंय!"

विशाखा शालू सावरत आली. तिनं जनावरांच्या डॉक्टर रुक्सार यांना फोन लावला. दगडाबाई तोवर कांदा ठेचायला बसल्या होत्या. माणसाला ऊन लागलं की करतात तेच त्या करत होत्या. विशाखानं ते सांगताच डॉक्टर ओरडल्याच, "कांदा अजिबात नको, कुत्र्याला तो विष आहे! बर्फही नको. साधं पाणी ओता, पोटावर, काखेत, पंजांवर. पंखा लावा. घशात पाणी ओतू नका, आपण होऊन प्यायला तर पिऊ द्या. आणि भिजवत भिजवतच इकडे आणा."

ड्रममधल्या पाण्यानं भिजवत भिजवत रिक्षातून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, सलाईन लावलं आणि विचारलं, "तोंड किती वेळ बांधलं होतं?"

"बांधलं? छे!" मागून आलेले विश्वजीतराव म्हणाले. "सावलीतच तर होता. वय झालंय त्याचं."

वय! अवघी चार वर्षं!

तेव्हा दगडाबाईंनी मला कमरेतून काढून टेबलावर ठेवलं. मी लाळेनं भिजलेलो होतो, माझ्यावर रक्त होतं, पांढरे केस होते. चौथ्या भोकावर बक्कलाचा ताजा वळ होता. विशाखानं आधी मला पाहिलं, मग वडिलांना. विश्वजीतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. चार वाजता गबरू गेला आणि तो आनंदही गेला.

विश्वजीतरावांनी मला दोनदा कचऱ्यात टाकलं. दोन्ही वेळा विशाखानं उचलून आणलं. आता मी दिवाणखान्यात, सोफ्यासमोरच्या खिळ्यावर असतो. पाहुणे विचारतात, "हे काय लावलंय?" विशाखा म्हणते, "बाबा सांगतील." मग बाबांना सांगावं लागतं. सकाळचे दहा, तापलेला पत्रा, बांधलेलं तोंड, नाकारलेलं पाणी. एक शब्द गाळला, तर विशाखा त्याची आठवण करून देते.

दिवाळीनंतर ती सासरी जाईल. मला नेणार नाही म्हणते, मी इथंच हवा. पण तिच्यामागं विचारणार कोण? म्हणून तुम्हाला विनंती. त्या घरी गेलात तर मला पाहून न पाहिल्यासारखं करू नका. चहा घ्या, ख्यालीखुशाली विचारा, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणा, "विश्वजीतराव, हे काय?"