गार्डाशिवाय सुटलेली मोटार

माझा धाकटा दीर मार्तंड याने भर दुपारी झाशीच्या दतिया गेटजवळच्या रस्त्यावर मला उभी टाकली आणि मोटार घेऊन निघून गेला. हातात पन्ह्याचं पातेलं, डोक्यावर चैत्राचं ऊन, आणि समोर सगळा बाजार बघतोय. थोरल्या वहिनीला असं टाकून जाणारा माणूस आमच्या कुळात आजवर झाला नाही. बरं, मला एकटीलाच टाकली असती तर एक वेळ गिळलं असतं. माझी गौर घेऊन गेला तो.

पण आधी त्या मोटारीचं सांगते, कारण सगळी आग तिनेच लावली.

मार्तंड रेल्वेत मेल ड्रायव्हर होता. चौतीस वर्षं इंजिनावर उभा राहिला. आमचे हे, अनंतराव, त्याच रेल्वेत गार्ड. कधीकधी एकाच गाडीवर दोघं भाऊ असायचे, धाकटा पुढे इंजिनात, थोरला शेवटच्या डब्यात, मधे सगळी आगगाडी. लोक ओळखायचे ते मार्तंडाला. "मेलवाले ड्रायव्हर साहब" म्हणून पानवालासुद्धा उठून उभा राहायचा. गार्डाला कोण विचारतो? पण मी जावेला, कमलिनीला, दर दिवाळीला ऐकवायची, "तुझा नवरा कितीही मोठा असो, माझ्या नवऱ्याने मागून शिट्टी वाजवून हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय त्याचं चाक हलत नाही." ती बिचारी हसायची. हसायची म्हणजे मला जास्तच राग यायचा.

रिटायर झाल्यावर मार्तंडाने मोटार घेतली. आता रिटायर माणूस घेतो तशी बेताची, नवी, चार माणसांची घ्यावी की नाही? ह्याने घेतली कानपूरच्या एका मिलच्या मॅनेजराची जुनी मोटार. विलायती, काळी, आमच्या न्हाणीघराहून लांब. आत करड्या मखमलीच्या गाद्या, खिडक्यांना पडदे, मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायला उशी, ती वर केली की पाठीत गडप. मॅनेजर विलायतेला परत चालला होता, त्याने देऊन टाकली.

पहिल्या दिवशी दारात आणून उभी केली तेव्हा त्याचे चार-पाच रिटायर ड्रायव्हर मित्र जमले. एकाने चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकला, स्टेशनात डब्यांच्या चाकांवर मारतात तशी. दुसऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बसला, जसा काही पोथी ऐकतोय.

मी ओट्यावरून विचारलं, "भावजी, एवढ्यात नवी कोरी मिळाली असती. दुसऱ्याने वापरलेली कशाला?"

"वहिनी, नवी छोटी मोटार म्हणजे पत्र्याचा डबा. खड्डा आला की आधी मला कळतो, मग चाकाला. ही जड आहे, रस्ता धरून चालते. आणि साहेबाने हिला वापरलंय कुठे? बंगल्यातून मिलमध्ये, मिलमधून बंगल्यात. रोज पुसायला एक माणूस, चालवायला दुसरा. अशी गाडी जुनी होत नाही, मुरते."

"लोणचं आहे का मुरायला?"

सगळे हसले. मग त्यांच्यातला एक म्हातारा, दाढीवाला, हळूच म्हणाला, "भाभीजी, चौंतीस साल हम लोग साहब का सैलून-डिब्बा खींचते रहे. पीछे परदे, पीछे गद्दी, पीछे चाय. हम आगे कोयले में खड़े रहे. एक दिन तो बैठने का मन करता है."

मार्तंडाने तेव्हा मान खाली घातली आणि बॉनेट पुसायला लागला. गुडघे तर त्याचे गेलेलेच होते, कमरेला पट्टा होता. मला कळलं नाही असं नाही. पण कळलं म्हणून काय झालं? साहेबाच्या गादीवर बसायचं ते कमलिनीने! बाजाराला जाताना ती मागच्या सीटवर अशी टेकून बसायची की पडद्याआडून नुसतं नाक दिसायचं. भाजीवाली तिला "मेमसाहब" म्हणायला लागली. मला अजून "अम्मा".

मी त्या मोटारीत बसले नाही. तीन महिने. कमलिनी दारात येऊन म्हणायची, "जाऊबाई, चला ना, लक्ष्मीच्या देवळात सोडते." मी म्हणायची, "देवाने पाय दिलेत मला." आणि पायी जाऊन रात्री पिंढऱ्यांना तेल लावत बसायची.

त्यात घरातलाच माणूस फितूर. एके दिवशी सकाळी हे दिसेनात. शेजारची इंदू म्हणाली, "काकू, काका तर रोज मार्तंडकाकांच्या मोटारीत जातात. मागे बसतात." मी दुसऱ्या दिवशी दाराआडून बघितलं. मार्तंड मोटार घेऊन कोपऱ्यावर थांबलेला. आमचे हे मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी. आधी दोन्हीकडची दारं ओढून बघितली, मग मान बाहेर काढून मागचा रस्ता पाहिला, हात बाहेर काढून रुमाल हलवला. तेव्हा कुठे मोटार सुटली.

संध्याकाळी मी विचारलं, "हा काय पोरखेळ?"

"पोरखेळ नाही," हे म्हणाले. "मार्तंडाला मागे बघायची सवय नाही. चौतीस वर्षं त्याने नुसतं पुढे बघितलंय. दार लागलं की नाही, कोणी चढतंय की उतरतंय, हे गार्डाचं काम. मी नसलो तर तो हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहतो, सुटायचं कधी ते त्याला कळत नाही."

"मग मोटार कशाला घेतली? बैल घ्यायचा."

ह्यांनी रुमालाची घडी घातली. पण चेहऱ्यावर असं काही होतं की जळले मी. ज्या मोटारीकडे मी वाकडी मान करून बघत होते तिच्यात माझाच नवरा रोज मखमलीवर बसून येत होता आणि घरी सुपारीसुद्धा तोंडात न टाकता साळसूद बसत होता.

मग आलं चैत्रातलं हळदीकुंकू. आमच्या घरची पितळेची गौर सासूबाईंनी जाताना माझ्या पदरात टाकली. झोपाळ्यावर ती बसते ती थोरल्या सुनेच्या हातून. पहिलं हळदीकुंकू तिला मी लावते, मग बाकीच्या बायकांना. झाशीतल्या मराठी बायका सत्तावीस वर्षं त्या दिवशी माझ्या दारात येताहेत, डाळ आणि पन्हं माझ्या हातचं घेताहेत. यंदा कमलिनी आली आणि म्हणाली, "जाऊबाई, यंदा आमच्या रुळांपलीकडच्या सीपरी बाजारातल्या नव्या घरी करू या? अंगण मोठं आहे. तुमचे गुडघे दुखतात. बायकांना आणायला मोटार आहे."

मोटार आहे! म्हणजे बायकांना बोलवायला आता गौर पुरत नाही, मोटार लागते. मी नाही म्हणणार होते. पण दोन दिवसांत कानावर आलं, सगळ्या जणी विचारताहेत, "मोटार किती वाजता येणार?" नाही म्हटलं असतं तर मी आणि गौर दोघीच एकमेकींचं तोंड बघत बसलो असतो. तेव्हा मी अट घातली. गौर मी आणीन, माझ्या मांडीवर. बसवीन मी. आणि तोवर झोपाळ्याला कोणी हात लावायचा नाही.

त्या दुपारी मोटार आली. आत इंदू आणि आणखी तीन जणी, नटून-थटून. हे धोतर नेसून, रुमाल घेऊन तयार. मी म्हटलं, "तुम्ही कुठे? आज बायकांची गाडी आहे. पुरुषाचं काय काम?" खरं सांगू? त्यांना त्या गादीवर बसलेलं मला त्या बायकांसमोर बघवलं नसतं. हे निमूट ओट्यावर बसले.

मी गौरीचा डबा मागच्या सीटवर ठेवला, अगदी मधोमध, उशीला टेकवून. मग ओट्यावरचं पन्ह्याचं पातेलं घ्यायला वळले. तेवढ्यात धूळ येते म्हणून इंदूने दार ओढून घेतलं. मोटारीने रस्ता अडलेला, मागे दोन टांगे आणि एक हातगाडी खोळंबलेली, म्हणून चौकातल्या पोलिसाने शिट्टी वाजवली. लांब, एकदाच.

आणि मार्तंड सुटला.

मी पातेलं घेऊन वळले तर मोटार कोपऱ्यावर. आवाज तरी असावा! नाही. साहेबाची मोटार, लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. आणि आत इतकी ऐसपैस जागा की चौघी बसल्या तरी पाचवी नाही हे कोणाच्या लक्षात येईना. छोट्या मोटारीत मांडीला मांडी लागली असती, कोणीतरी ओरडलं असतं, "अगं, काकू कुठे?" इथे ज्या त्या बाईला वाटलं काकू पलीकडे असतील.

मी ओट्याकडे बघितलं. हे म्हणाले, "शिट्टी मी नव्हती वाजवली."

"उठा!" मी म्हटलं. "टांगा बघा."

टांगेवाला म्हणाला, "अम्मा, सीपरी? पतीली संभालना." हे पुढे त्याच्याशेजारी, मी मागे, पातेलं मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला पन्हं माझ्या शालूवर. पण मला पन्ह्याचं काही वाटत नव्हतं. मला समोर दिसत होतं ते कमलिनीचं अंगण. सजवलेला झोपाळा, पंचवीस बायका, आणि कोणीतरी म्हणतंय, "मुहूर्त टळतोय, काकू येतील तेव्हा येतील, कमलिनीबाई, तुम्हीच बसवा." एकदा तिच्या हाताने गौर बसली की संपलं. मोठं अंगण तिचं, मोटार तिची, गौरसुद्धा तिची. मी काय, डाळ खाऊन घरी येणार.

रेल्वेचं फाटक लागलं आणि ते नेमकं बंद. मालगाडी येत होती. इंजिन गेलं, मग एकामागून एक डबे, संपता संपेनात. डब्यांमधल्या फटीतून मला पलीकडे काहीतरी काळं दिसलं. पुन्हा फट आली. काळी मोटार! तोंड आमच्याकडे. मार्तंड स्टीअरिंगवर ओणवा झालेला. मागच्या खिडकीत कमलिनीचं नाक.

शेवटचा डबा आला. गार्ड दारात उभा होता, हिरवी झेंडी हातात. आमच्या ह्यांनी टांग्यावरून सवयीने हात वर केला. त्यानेही केला. ओळख ना पाळख. मार्तंड मात्र इंजिन गेलं त्या दिशेलाच बघत होता.

फाटक उघडलं. मी टांगा तिथेच थांबवला आणि उतरले. मोटार रूळ ओलांडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. कमलिनी आतूनच रडवेली झाली होती. "जाऊबाई, घरी पोचल्यावर दार उघडलं तर नुसता डबा! मी म्हटलं, बायकांना बसू द्या अंगणात, गौर गाडीतून उतरवायची नाही. थोरल्यांच्या हाताशिवाय कशी उतरवू?"

मी आत बघितलं. डबा मी ठेवला होता तसाच, मधोमध, उशीला टेकून. झाकणावरची फुलंसुद्धा हलली नव्हती. कमलिनी एका कडेला आक्रसून बसली होती, देवीला तिचा पदर लागू नये म्हणून. मी तिला काय काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवलं होतं. ते आता कुठे घालू? आणि गौर, मी तीन महिने ज्या गादीला हात लावला नाही तिच्यावर, मिलच्या मालकिणीसारखी बसली होती. सासूबाई, तुमच्या देवीलासुद्धा मोटारच आवडली!

मार्तंड उतरला, हात जोडले. "वहिनी, चुकलं. शिट्टी ऐकली आणि... मागे दादा आहेत असंच वाटलं."

मी टांग्यातलं पातेलं उचललं. दार उघडलं, गळणारं पातेलं त्याच्या करड्या मखमलीवर ठेवलं, खाली फडकंसुद्धा घातलं नाही. मग डबा मांडीवर घेऊन मागे उजव्या खिडकीशी बसले. गादी हळूच खाली गेली आणि माझी कंबर, जी सासरी आल्यापासून दुखते आहे, दुखायची थांबली. तीन महिने! पायी! कमलिनीकडे मी बघितलंच नाही, नाहीतर तिला दिसलं असतं.

हे रुमाल काढत मागच्या दाराशी आले. मी दार आतून ओढून घेतलं.

मार्तंड स्टीअरिंगशी बसून वाट बघत होता. मी त्याला चारचौघांत भावजी म्हणते. पण तो नऊ वर्षांचा असताना त्याचं डोकं मीच धुतलं होतं.

"मार्तंडा," मी म्हटलं, फाटकावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं, "मोटार झकास आहे, जड आहे, घेतलीस ते उत्तम केलंस. पण तू अर्धाच माणूस आहेस रे, पुढचा. मागचा अर्धा आमच्या घरात आहे, आणि त्याला मी आज घरी बसवलं, ती चूक माझी. तेवढीच माझी. आजपासून दादाला पुढे घे आणि ही मागची खिडकी माझी. मी हात बाहेर काढीन तेव्हाच चाक हलेल. शिट्टी मग पोलिसाने वाजवो नाहीतर तुझ्या बायकोने."