शेपटीला जड झालेले रॉकेट

मित्रांनो, मी एक जुने रॉकेट आहे. असे म्हणताना थोडा संकोच वाटतो, कारण माझी उंची टेबलावरच्या दिव्याएवढीच. वरची हवा तपासायला आमच्या उत्तर स्वीडनमधून पूर्वी जी रॉकेटे सुटत, त्यांतल्या एकाची मी हुबेहूब छोटी प्रतिकृती.

मला गुन्वोरने घडवले. तिचा सारा जन्म होड्या रंगवण्यात गेला होता. कागदी नळीचे माझे अंग आणि हलक्या लाकडाचे पंख तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडले. लाकडाच्या रेषा दिसू नयेत म्हणून ती लांबीचा लगदा भरायची, तो सुकू द्यायची, पॉलिशपेपरने घासायची आणि डोळे मिटून वरून बोट फिरवायची. बोटाला कणभर काही लागले, की पुन्हा पहिल्यापासून. इतका जीव ओतणारे हात मी नंतर पाहिले नाहीत.

मग लाल रंग. एक थर वाळला की दुसरा, त्यावर आणखी एक. माझ्या पंखांत खिडकीबाहेरचे बर्चचे झाड दिसू लागले, तेव्हा तिचा नवरा टोर्केल म्हणाला, "अगं, उद्यापासून यातच बघून दाढी करतो. आरसा विकून टाक!"

पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी दोघांनी मला अंगणात आणले. पोटात इंजिन बसवले, तोल साधतो तिथे दोरी बांधली आणि गुन्वोरने मला डोक्याभोवती गरगर फिरवले. नीट उडणारे रॉकेट अशा वेळी नाक पुढे करून फिरते. मी शेपटी पुढे करून फिरले.

टोर्केल चटकन खाली वाकला. "अगं, हे वर जायचं सोडून आपल्याच अंगावर येईल!"

"रंग," गुन्वोर हळूच म्हणाली. "शेपटी जड झाली. होडीसारखा चोपडलाय मी."

"मग नाकात शिसं भर."

"इंजिन एवढंसं, तेवढं ओझं उचलायचं नाही त्याला. पंखांचा रंगच उतरवावा लागेल."

"नको गं! इतकं देखणं झालंय. कपाटात ठेव. लोकांना कॉफीला बोलावू, बघतील."

खरे सांगू? मला कपाट आवडले असते. आपल्याला उडता येईल याची मला खात्रीच नव्हती.

गुन्वोरने मला दोरीतून सोडवले. मग म्हणाली, "टोर्केल, पाण्यात न उतरणारी एकही होडी मी आजवर रंगवली नाही." आणि तिने पॉलिशपेपर उचलला.

पहिल्या घासणीला तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पंखांतले झाड पुसले गेले, धुरकट डाग उरले, मग उघडे लाकूड. त्यावर तिने रंगाचा एकच पातळ हात दिला. तो वाळल्यावर पुन्हा दोरी बांधली. या वेळी माझे नाक पुढे होते.

दुसऱ्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर छोटी रॉकेटे उडवणाऱ्या क्लबची मंडळी जमली. बटण दाबले गेले, मी थरथरले आणि सरळ वर गेले. खाली माणसे मुंग्यांएवढी झाली. माझी हवाई छत्री उघडली, उतरताना बर्फावर आपटून पंखाचा एक टवका उडाला.

"लागलं बघ!" टोर्केल हळहळला.

"उडालं ना पण?" गुन्वोर म्हणाली. हातमोज्याने ती माझ्यावरचा बर्फ पुसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मित्रांनो, हाताने केलेली वस्तू जिवापाड जपा. पण जपता जपता तिला तिचे काम करू द्यायला विसरू नका. तुम्हाला शिकवण्याएवढे मी मोठे नाही. एकदा वर जाऊन आले, म्हणून बोलायचा धीर केला, इतकेच.