पायाकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. माझ्यावर हौसेने कुणी झोपत नाही, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. तुमच्यापैकी कुणावर माझी ओळख करून घ्यायची वेळ येऊ नये, असेच मी म्हणेन. पण माझी गोष्ट मात्र ऐका. ती थोडी माझी आहे आणि बरीचशी एका बाईची आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. दोन लांब नळ्या, मध्ये जाड कापड, छातीला आणि कमरेला पट्टे, आणि चार टोकांना चार मुठी. पायाकडची डावी मूठ बसवताना कारागिराला शिंक आली, म्हणून ती जराशी आत वळली. वजन पेलतो का हे बघायला तपासनीस माझ्यावर आडवा झाला, तो चक्क घोरायलाच लागला. मुकादम म्हणाला, "हा पास. गाडीत चढवा याला." झाली माझी परीक्षा.

मग एका रुग्णवाहिकेत माझी नेमणूक झाली. गाडी चालवणारे काका माझी डोक्याकडची बाजू धरत आणि पॅरामेडिक ताई पायाकडची. पॅरामेडिक म्हणजे डॉक्टरांकडे पोचेपर्यंत रोग्याचा जीव सांभाळणारे माणूस. जिना उतरताना पायाकडच्याला पुढे राहून उलटे चालावे लागते आणि बहुतेक भार त्याच्याच अंगावर येतो. ताई म्हणजे पाप्याचे पितर, पण ती बाजू तिने कधी सोडली नाही. "सात, आठ, आता वळण आहे बरं का काका," असे म्हणत ती पायऱ्या मोजत उतरायची. काका चिडवायचे, "तू पायाळूच जन्मलेली असणार. बघावं तेव्हा पायाशी."

माझी ती वाकडी मूठ धरली की ताईची दोन बोटे रोग्याच्या तळपायाला टेकत. तळपाय कोमट लागला तर ती रोग्याशी गप्पा मारायची. गार आणि ओलसर लागला की तिच्या गप्पा थांबत आणि ती एवढेच म्हणे, "काका, जरा पळवा." पोटात कुठे रक्त वाहत असले, तर शरीर आधी हातापायांचे रक्त काढून घेते आणि हृदयाला पुरवते. तेव्हा बाकीचे आकडे बरे दिसतात, पाय मात्र गार पडतात. अशी कितीतरी माणसे आम्ही वेळेवर पोचवली. एका आईने तर ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग माझ्या नळीवरूनही फिरवला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

पुढे गाडीत यंत्र आले. पातळसा पडदा आणि आत बोलणारा आवाज. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणत त्याला. साहेबांनी ताईच्या कॉलरला एक लहान माइक लावला आणि म्हणाले, "तुम्ही जे जे करता ते तोंडाने बोलत जा. यंत्र शिकेल. तुमचंच ओझं हलकं होईल."

दीड वर्ष ताई बोलत राहिली. श्वास कसा मोजायचा, घाबरलेल्या माणसाला आधी काय विचारायचे, कुठल्या दुखण्याला भुलायचे नाही, सगळे. लेकीला स्वयंपाक शिकवावा तसे शिकवले, हातचे राखून काही ठेवले नाही. काका म्हणायचे, "अगं, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेयस." ती हसून म्हणायची, "माणसं वाचली म्हणजे झालं की, काका."

खोटे कशाला बोलू? यंत्र हुशार निघाले. एका बाईच्या हृदयाच्या आलेखातली बारीकशी खोच ताईच्या नजरेतून सुटली होती, ती यंत्राने पकडली. ताईला त्याचे खरोखर कौतुक वाटले. मलाही वाटले.

वर्षभरात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही. मोटरवर जिना उतरणारा नवा स्ट्रेचर आला आणि त्याच्याबरोबर तीन महिने शिकलेला एक सहायक. पडदा सांगेल तसे करायचे, एवढेच त्याचे काम. पॅरामेडिकची भरती बंद झाली. ताईची भाची तोच अभ्यासक्रम शिकून घरी बसली. ताईला फोनच्या खोलीत खुर्ची मिळाली. गाडीतले यंत्र जे ठरवेल ते तिच्यासमोर येई आणि तिने 'मान्य' हे बटण दाबायचे. न दाबल्यास कारण लिहावे लागे, आणि फार वेळा कारणे लिहिली की साहेब बोलावून घेत. मला त्या खोलीबाहेरच्या बोळात टाकले होते. सहायक माझ्यावर बसून डबा खात.

एका दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून फोन आला. आदल्या दिवशी ते न्हाणीघरात घसरले होते, डाव्या कुशीत दुखत होते. गाडी त्यांच्या घरी गेली, सहायकाने तपासले: नाडी ठीक, रक्तदाब ठीक. नाडी वाढू न देणारी गोळी ते रोज घेत, म्हणून ती ठीक दिसत होती. यंत्राने ठरवले, मुका मार, घरी विश्रांती. ताईसमोर वय आणि आकडे आले. नाव येत नसे. तिने 'मान्य' दाबले.

दोन दिवसांनी एक बाई गाडीवाल्यांनी घरी दिलेला तपासणीचा कागद हातात घेऊन बोळात आली. ती काकांची मुलगी होती. ताई उठून बाहेर आली.

"परवा संध्याकाळीच गेले बाबा," ती म्हणाली. "पाय बर्फासारखे झाले होते. सारखे म्हणत होते, पायाळूला बोलवा. मला कळेना कुणाला बोलवायचं."

ताईने कागद वाचला. तारीख वाचली, वेळ वाचली. मग ती माझ्या पायाकडच्या बाजूला बसली.

"ते बटण मीच दाबलं गं," ती म्हणाली.

मुलीने तिच्या हातातून कागद परत घेतला. त्याची घडी घातली आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी भाची ताईला घरी न्यायला आली, तेव्हा ताई माझ्यावरच बसलेली होती. हात माझ्या वाकड्या मुठीवर होता. "दीड वर्ष बोलले मी. सगळं सांगितलं, आणि हेच राहिलं," ती म्हणाली. "मी पायाला हात लावते हे मला तरी कुठे माहीत होतं? उद्या जाऊन सांगते साहेबांना."

"नको, मावशी," भाची म्हणाली. "एवढं एक तरी स्वतःपाशी ठेव. तेही दिलंस तर तुला घरी बसवतील."

"ठेवून काय करू? आणखी कुणाचा तरी बाप जाईल."

ताईने सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, आभाराचे पत्रही दिले. पडद्यावर नवा रकाना आला: पाय गार आहेत? हो किंवा नाही. यंत्र आता पुरते शिकले असे ठरले आणि दोन महिन्यांत ताईची खुर्चीही उचलली गेली. शेवटच्या दिवशी तिने रुमालाने माझी वाकडी मूठ पुसली आणि पिशवी उचलून निघाली. मला फार रडू आले असते, पण मला डोळे नाहीत.

मी अजून त्याच बोळात आहे. दुपारी सहायक माझ्यावर बसून डबा उघडतो आणि सकाळच्या फेऱ्यांचे राहिलेले रकाने भरत जेवतो. एका हातात घास असतो, दुसऱ्या हाताचे बोट पडद्यावर चालते. पाय गार आहेत? नाही. नाही. नाही. त्याचेही मला नवल वाटत नाही. हात लावायचा असतो, हे त्याला कुणी दाखवलेलेच नाही आणि दाखवणारी आता इथे नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझे विरलेले पट्टे बदला, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. यंत्राला विचारायचे ते जरूर विचारा. पण घरात कुणी आजारी पडले तर आधी पांघरूण बाजूला करा आणि त्याच्या पायाला हात लावून बघा. रकाना मागाहूनही भरता येतो.