दोनशेचा आकडा

"मागचा डावा पट्टा अजून ओढ," इंद्रजीत गाडीतून ओरडला. "हलतोय तो."

गोकुळनं ओढला. गाडी त्याचीच. गुलमंडीच्या बाजारात घरचं कापडाचं दुकान, साड्यांच्या घड्या घालायची सवय असलेल्या त्या हातांना लोखंडी कडी काही आवळत नव्हती. तरी बिचारा घाम गाळत होता. मी कॉम्प्युटरपाशी बसले होते आणि माझ्या पाठीमागं खुर्चीवर माझे सासरे, अप्पाराव. सोयगावहून पहिल्या एसटीनं आलेले. चहा नको, पाणी नको, नुसतं बघत बसलेले.

"रत्नमाला, ही गाडी पळून जाणार कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही अप्पा. जागच्या जागी पळणार."

"मंग बरोबर हाये. आठ वर्सं माझ्या पोराचं तेच चालूय."

असा राग आला मला! पण सासऱ्यांना उलटून बोलायची रीत आमच्याकडे नाही. मी कीबोर्डवर जरा जोरात बोटं आपटली, झालं.

शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं आमचं पत्र्याचं शेड आहे आणि शेडच्या जमिनीत डायनो बसवलेला आहे. डायनो म्हणजे दोन जाड लोखंडी रूळ. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, गाडी चहूबाजूंनी पट्ट्यांनी बांधायची आणि जीव खाऊन पळवायची. रूळ फिरतात, गाडी तिथंच राहते, आणि इंजिनात किती हॉर्सपॉवर आहे ते माझ्या स्क्रीनवर उमटतं. इंद्रजीत गाड्यांची ताकद वाढवून देतो. हे काम आहे हे अप्पांना कधी पटलंच नाही. त्यांच्या मते काम म्हणजे सोयगावातलं आपलं खत-बियाण्यांचं दुकान.

गेल्या आठवड्यात बापलेकांची पुन्हा जुंपली. "तू म्हणतो मी लई मोठा कारागीर. लोक म्हणत्यात पोरगं नुसते आवाज काढतंय. कोणाचं खरं?" अप्पांनी विचारलं. इंद्रजीत म्हणाला, "मशीनलाच विचारू." गोकुळच्या गाडीला कंपनीतून आली तेव्हा एकशेवीस हॉर्सपॉवर होती, तिचं इंजिन उघडून इंद्रजीतनं चार महिने तिच्यावर घालवले होते. तो म्हणाला दोनशे भरतील. मग ठरलं. गाडी तीनदा पळवायची. एकदा जरी दोनशे आले, तर अप्पा पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाहीत. नाही आले, तर सोमवारी शेडला कुलूप लावून आम्ही दोघं सोयगावला. मला कोणी विचारलं नाही. हट्टाच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करता येत नाही, मी जाब विचारणार तरी कोणाला?

पहिल्यांदा पळवली. एकशेब्याण्णव.

अप्पा खाकरले. इंद्रजीतनं बॉनेट उघडून मोठा पंखा लावला, इंजिन जरा निवू दिलं, पुन्हा आत बसला. दुसऱ्यांदा एकशेचौऱ्याण्णव. मला सोयगावला जायचं नव्हतं. त्या दुकानामागच्या खोलीत खताच्या वासात मला उभा जन्म काढायचा नव्हता, आणि इंद्रजीत काउंटरवर बसला की आतून वाळून जाईल हे मला माहीत होतं.

"भाई, टेन्शन मत ले," गोकुळ म्हणाला आणि बॉनेटपाशी काहीतरी खटपट करून बाजूला झाला.

तिसऱ्यांदा इंद्रजीतनं पाय दाबला तेव्हा पत्रे थडथडायला लागले. रबराचा जळका वास सुटला. पट्टे ताणले गेले, एखादा तुटला तर गाडी भिंत फोडून बाहेर जाईल असं वाटत होतं. स्क्रीनवरची रेघ चढत गेली. एकशेऐंशी. एकशेनव्वद. मी पदर तोंडात धरला. रेघ अजून चढली आणि थांबली.

दोनशे एक.

"दोसौ एक! वहिनी, दोसौ एक!" गोकुळ लहान पोरासारखा नाचायला लागला. अप्पा उठले, स्क्रीनजवळ आले, डोळे बारीक करून आकडा पाहिला.

"हे खरं हाये?"

"मशीन म्हणतंय अप्पा."

इंद्रजीत घामानं निथळत खाली उतरला, तसा अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या लग्नापासून मी असं पाहिलं नव्हतं. "जिंकलास बाबा," ते म्हणाले. "आता नाय काढायचो दुकानाचं नाव." आणि बाई गं, म्हातारा चक्क हसत होता.

मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. हवा, एकसष्ट अंश.

मघाशी तिथं अडतीस होतं. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणून मशीन शेडमधली हवा किती तापलीय ते एका सेन्सरनं मोजतं आणि आकड्यात तेवढी भर घालतं. तो सेन्सर कोणी तापलेल्या रेडिएटरजवळ नेऊन ठेवला, तर मशीन फसतं आणि नको तेवढी भर घालतं. मी गोकुळकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

अप्पांना यातलं ओ की ठो कळणार नव्हतं. गोकुळ बोलणार नव्हता. मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली असती तर विषय तिथंच मिटला असता.

"हवा किती?" इंद्रजीतनं विचारलं. आकड्याच्या आधी हवा विचारायची त्याची सवय. मी टेबलावरची धूळ पुसू लागले.

"अगं, हवा किती होती?"

"एकसष्ट," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं.

तो बॉनेटकडे गेला. सेन्सर रेडिएटरच्या मागं खोचलेला होता. त्यानं तो काढून हातात धरला.

"भाई, तेरे लिए किया," गोकुळ पुटपुटला.

"माहितीये मला."

इंद्रजीतनं माझ्यासमोरचा कीबोर्ड ओढला, हवेच्या जागी अडतीस टाकले आणि बटण दाबलं. एकशेचौऱ्याण्णव.

"अप्पा, ते दोनशे एक खोटं होतं. हे खरं."

अप्पांना क्षणभर काही उमजलंच नाही. मग म्हणाले, "मला कुठं कळणार होतं?"

"मला कळलं ना."

"मंग परत पळव."

"इंजिन लई तापलंय. गोकुळची गाडी जाईल. अन् तीनदाच ठरलं होतं."

"मी म्हणतो ना, पळव!" अप्पा केवढ्यांदा ओरडले. त्यात रागापेक्षा विनवणीच जास्त होती.

"नाय अप्पा. सोमवारी येतो आम्ही."

"अहो अप्पा, तुम्ही तरी येऊ नको म्हणा!" मी बोलून गेले. रीत गेली खड्ड्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चपला घालून ते उन्हात रस्त्याकडे निघाले.

इंद्रजीत खाली बसून गाडीचे पट्टे सोडवू लागला. गोकुळ मदतीला वाकला, तर त्याला म्हणाला, "सावकाश. रंगाला ओरखडा जाईल."

मी दारात गेले. रस्त्याच्या कडेला अप्पांसमोर एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं विचारलं, "स्टँड?" अप्पांनी मान हलवली, नाही. ती गेली. थोड्या वेळानं दुसरी आली, तीही त्यांनी जाऊ दिली. शेडकडे पाठ करून ते तसेच उभे राहिले.