पायथ्याची फळी

मी पलंग बोलतोय. मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका सॅम्पल फ्लॅटमधला सिंगल पलंग. माझ्या शेवटाची बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. घरं दाखवणारी कृतिका टीपॉयवरची प्लास्टिकची सफरचंदं पुसून घेत होती. तिचा फोन वाजला. "ओके सर, ओके," म्हणून तिने तो ठेवला आणि सफाईवाल्या मावशींना म्हणाली, "राहू द्या मावशी, आता पुसू नका. सगळे फ्लॅट विकले गेले. पुढच्या आठवड्यात हे तोडणार."

"मंग ही सफरचंदं?"

"न्या तुम्ही."

मावशींनी एक उचललं, दाबून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे दाखवायचं घर. इमारत उभी राहण्याआधीच ते तयार होतं. तिथला टीव्ही पुठ्ठ्याचा होता. शेल्फातल्या पुस्तकांना नुसते पुठ्ठे होते, पानं नव्हती. खोल्यांना दारं नव्हती, कारण दार म्हटलं की ते उघडायला जागा लागते आणि खोली लहान दिसते. माझा जन्म याच हिशेबात झाला. इंटिरियरवाले दिपेशभाई सुताराला म्हणाले, "लंबाई में एक बित्ता काट दे, रामनाथ. चौडाई भी थोडी कम. रूम बडा दिखना चाहिए. और पैर की तरफ ऊँचा पट्टा लगा, डिझाइनवाला. नजर उधर ही जानी चाहिए."

रामनाथने पेन्सिल कानामागे खोचली. "सेठ, इसपे सोएगा कौन?"

"सोने के लिए थोडी है? देखने के लिए है."

म्हणून मी वीतभर आखूड झालो आणि माझ्या पायथ्याला कमळं कोरलेली उंच फळी आली. चार स्क्रूंनी ती पक्की केली. येणारे लोक त्या कमळांवरून हात फिरवत आणि म्हणत, "वा, पलंग घालूनसुद्धा केवढी जागा उरते!"

काशीनाथ त्यांच्यातलेच. दारातून आत येताना सवयीने मान लववणारा उंचापुरा माणूस. बरोबर मुलगा पराग आणि सून रसिका. काशीनाथांचं सगळं आयुष्य दादरच्या एका खोलीत गेलं होतं. आधी भावंडं, मग बायको, मग मूल. झोपायची त्यांची जागा ओटा आणि कपाट यांच्या मधली. तिथे पाय लांब केले की कपाटाला लागायचे, म्हणून गुडघे पोटाशी. त्यांची बायको उर्मिला म्हणायची, "तुमचे पाय सरळ बघायला मला दुसरं घरच घ्यावं लागणार." दुसरं घर बघायच्या आत ती गेली. त्यानंतर त्यांनी दादरची खोली विकायला होकार दिला, तो एका अटीवर.

त्या दिवशी ती अट त्यांनी कृतिकालाही ऐकवली. "मॅडम, मला बाकी काही नको. तुमचं ते जिम नको, स्विमिंग पूल नको. पाय पसरून झोपता येईल अशी एक खोली पाहिजे."

"अंकल, ये आपका ही रूम है," कृतिका म्हणाली. "खिडकीतून घोडबंदरचे डोंगर दिसतात. आणि एकदम शांत. हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही."

काशीनाथ माझ्यावर टेकले. गादी हाताने दाबून पाहिली. माझ्यावर कुणालाही आडवं होऊ द्यायचं नाही, अशी कृतिकाला सक्त ताकीद होती. त्यांचा हात उशीकडे गेला तशी ती एक पाऊल पुढे आली.

पराग म्हणाला, "बाबा, पडून बघा ना जरा."

काशीनाथ पटकन उठले. "छे! परक्याच्या अंथरुणावर पडतात का? आईने लहानपणी हाणलंय त्यासाठी. पडायचं ते आपल्या घरात, किल्ली हातात आल्यावर."

कृतिकाने श्वास सोडला. रसिका हसून म्हणाली, "बाबांचं म्हणजे ना!" काशीनाथांनी बसल्या बसल्या घर पसंत केलं होतं. त्यांचे पाय तेव्हा जमिनीवर होते.

इमारत व्हायला बराच काळ गेला. किल्ली घ्यायला ते आले तो दिवस हाच, सफरचंदं पुसण्याचा. पराग वरची खोली मोजून खाली आला होता आणि वैतागला होता. "दुकानातला पलंग घातला तर कपाटाचं दार उघडत नाही, मॅडम. तुमच्या या खोलीत तर सगळं बसलंय."

"हाच द्या की मग," काशीनाथ म्हणाले. "यावर बसूनच मी हो म्हटलं होतं."

कृतिकाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या उंचीकडे. "ले जाइए अंकल. कंपनी की तरफ से गिफ्ट," ती म्हणाली आणि पुन्हा सफरचंदांकडे वळली.

पहिल्या रात्री काशीनाथांनी देवाला दिवा लावला, उर्मिलाच्या फोटोला नमस्कार केला आणि ते माझ्यावर आडवे झाले. सावकाश, समारंभाने एक पाय लांब केला. टाच फळीवर आदळली. ते वर सरकले, तर डोकं उशाकडच्या भिंतीला लागलं. तिरके झाले, पण रुंदीलाही मी कमीच. थोडा वेळ ते तसेच पडून राहिले. मग कुशीवर वळले आणि गुडघे पोटाशी घेतले.

सकाळी रसिकाने विचारलं, "झोप लागली ना, बाबा?"

"छान. कसला आवाज नाही इथे."

वास्तुशांतीला दादरची मंडळी आली. तिथले जुने शेजारी धर्माजी खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काश्या, नशीब काढलंस लेका! पसरले का पाय एकदाचे?"

"पसरले तर," काशीनाथ म्हणाले. तेव्हा ते माझ्यावर मांडी घालून बसले होते.

पंधरवड्याने त्यांनी विषय काढला, तोही चहा पिता पिता, सहज काढल्यासारखा. "पराग, ही पायथ्याची फळी काढता येईल का रे? चार तर स्क्रू आहेत."

"येईल की. रविवारी बघतो."

रसिका आतून म्हणाली, "अहो, फळी काढली की बाबांचे पाय कपाटाच्या दारात येणार. सकाळी डबे, ऑफिस, घाईत मी साडी कशी काढू? बाबा उठेपर्यंत थांबू का?"

ती वाईट नव्हती. खरं तेच बोलत होती. कपाट ठेवायला घरात दुसरी जागाच नव्हती.

"राहू दे, राहू दे," काशीनाथ म्हणाले. "मी खाली गादी टाकतो."

ते परागला लागलं. "काय बोलता, बाबा? एवढं कर्ज काढून तुम्हाला वेगळी खोली दिली, पलंग दिला, आणि तुम्ही जमिनीवर झोपणार? कुणी बघितलं तर आमच्या तोंडात शेण घालेल." मग आवाज खाली आणून हसला. "तुम्हीच सांगायचात ना आम्हाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

काशीनाथही हसले. जमिनीवरून उठायला त्यांचे गुडघे तसेही तयार नव्हते. त्या गुडघ्यांना आता पोटाशी राहायचीच सवय लागली होती. दिवसासुद्धा ते पुरते सरळ होत नसत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, "झोपून पाय ताणा." काशीनाथांनी मान डोलावली. रविवार येत गेले. परागने एकदा स्क्रू-ड्रायव्हर आणूनही ठेवला, माझ्याच खाली.

ते गेले ते झोपेत. सकाळी रसिका चहा घेऊन आली, दोनदा हाक मारली आणि कप खिडकीत ठेवून तिथेच खाली बसली. समोरचे जितेंद्रभाई धावत आले. डॉक्टर येऊन गेले. मग बायकांनी सांगितलं, "पाय सरळ करा, अंगठे बांधायचे असतात."

परागने गुडघे दाबले. ते हलले नाहीत. जितेंद्रभाईंनी घोटे धरून ओढलं.

"नहीं हो रहा, परागभाई. रात को ही अकड गए होंगे."

"गरम पाण्याने शेकून बघा," कुणीतरी म्हणालं. शेकलं. पराग पुन्हा दाबायला लागला, आधी हळू, मग अंगातलं सगळं बळ लावून. काशीनाथांची टाच माझ्या फळीवर आपटत राहिली. शेवटी रसिकाच ओरडली, "सोडा हो त्यांना! सोडा आता!"

खाली तिरडी बांधली होती, त्यांच्या उंचीच्या मापाची. त्यांना पुरेल एवढी जागा पहिल्यांदाच मिळाली होती आणि पायाकडचा भाग मोकळाच राहिला. वरचं पांढरं कापड गुडघ्यांवर उभं राहिलं. माणसांनी ते सुतळीने दोनदा बांधलं, तरी गेटपर्यंत जाताना ते उंच दिसतच होतं.

आता त्या खोलीत परागचं ऑफिसचं टेबल आहे. मी पार्किंगमध्ये, मीटरच्या पेट्यांशेजारी भिंतीला उभा टेकवलेला आहे. परागने मला विकायला काढलं. परवा एक गिऱ्हाईक टेप घेऊन आलं. "अरे, ये तो छोटा है," तो माणूस म्हणाला. "बच्चे का था क्या?"

पराग म्हणाला, "नाही. माझ्या वडिलांचा होता."

त्या माणसाने माझं माप पुन्हा एकदा घेतलं, टेप गुंडाळला आणि तो निघून गेला.

तुम्ही घर बघायला जाल. कुणीतरी तुम्हाला डोंगर दाखवेल, शांतता ऐकवेल. तेव्हा लाजू नका. चपला काढा आणि तिथल्या पलंगावर सरळ आडवे व्हा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस चहा पिता पिता काही मागत असेल, तर तो चहा संपायच्या आत उठा.

पराग रोज गाडी काढताना माझ्यासमोरून जातो. स्क्रू-ड्रायव्हर आता त्याच्या गाडीत असतो. पायथ्याची फळी काढायची राहिली आहे.