समोरच्या कोनाचा वाटा

वाटा पदरात पडला, तर धर्माजीला दोन पाट्या कैऱ्या मिळणार होत्या आणि राजुरीच्या विहीणबाईंपुढं नाक वर राहणार होतं. "लोणच्याला घरच्या झाडाच्या कैऱ्या धाडतो," असं त्यानं लेकीच्या साखरपुड्यातच ठोकून दिलं होतं. अडचण एवढीच, की घरचं झाड नव्हतं.

झाड होतं ओतूरच्या शिवारात. दोन बांध तिथं तिरपे एकमेकांना छेदून जात. चार बाजूंना चार रानं. आंबा उगवतीच्या बांधावर. त्याच्या एका अंगाला सोनीबाई, दुसऱ्या अंगाला जानकू. बांधावरचं झाड दोन्ही अंगांचं, असा रिवाज. धर्माजीचं रान सोनीबाईच्या बरोबर समोर, बांध छेदतात त्या टोकाला नुसतं टेकलेलं.

सातवीला गणित शिकवणाऱ्या गोकुळ गुरुजींना त्यानं पारावर गाठलं. गुरुजींनी काडीनं मातीत दोन रेषा मारल्या. "छेदणाऱ्या रेषांचे विरुद्ध कोन समान. सोनीबाईंचा साठ अंश, तर तुमचाही साठ. आता संलग्न कोन..."

पुढचं ऐकायला धर्माजी थांबलाच नाही.

"सोनीकाकू, कोन सारखा, म्हंजी वाटा सारखा! गुरुजी म्हणलं."

सोनीबाईनं मिसरी लावता लावता त्याला न्याहाळलं. "आसंल बाबा. पण वाटेकऱ्यानं बांधबी घालायचा आसतो. आंब्याखालचा फुटलाय."

धर्माजीनं वाटेकऱ्याच्या ऐटीत तीन दिवस माती ओढली. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारून दाखवलीही.

कैऱ्या उतरवायच्या दिवशी तो पाट्या घेऊन हजर. सोनीबाईनं गुरुजींना आधीच आणून बसवलं होतं.

"गुरुजी, ह्याचा कोन माझ्या कोनाला लागून हाय का?"

"छे! संलग्न कोनांना शिरोबिंदू एक लागतो, आणि मधली भुजाही एक. हा बांध तुमची न् जानकूभाऊंची भुजा. धर्माजीभाऊंचं नुसतं टोक टेकतंय."

"आन माझं साठ अंश?" धर्माजी ओरडला.

"साठच आहेत की. कुणी काढून घेतले?"

जानकू फांदीवरनं खिदळला, "राव, अंश न्या की पाटीत भरून!"

"आन माझी माती?"

"लई झ्याक बसलीय, धर्मा," सोनीबाई म्हणाली.

कैऱ्या सोनीबाई आणि जानकूत निम्म्या निम्म्या झाल्या, वर दोघांना बांध फुकट. गुरुजींना शिकवल्याबद्दल सहा. राजुरीलाही दोन पाट्या वेळेवर पोचल्या, ओतूरच्या बाजारातल्या. त्यांचं मोल, तीन दिवसांची मेहनत आणि धरलेली कंबर, सगळं एकट्या धर्माजीनं भरलं.